डीएसपी सावरेपर्यंत झोपायचं नाही

तक्रार एका ओळीची होती. "रात्रभर पडून राहिलं की सकाळी आवाज येत नाही. रीस्टार्ट केलं की येतो."

टेस्ट रॅकवर आठ बोर्ड होते. संध्याकाळी सगळे नीट बोलत असायचे आणि सकाळी एखादा मुका झालेला असायचा, कधी दोन, कधी एकही नाही. दरवेळी बोर्ड वेगळा असल्यामुळे हार्डवेअरवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. त्या चिपवरच्या ऑडिओ डीएसपीचा, म्हणजे आवाजाचं काम करणाऱ्या छोट्या प्रोसेसरचा, लिनक्सकडचा ड्रायव्हर मी सांभाळते, त्यामुळे तक्रार फिरत फिरत माझ्याकडे आली आणि पुढचे सहा आठवडे माझ्याकडेच राहिली.

हे काम न करणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. मुख्य प्रोसेसरवर लिनक्स चालतं. त्याच्या शेजारी त्याच चिपमध्ये हा छोटा डीएसपी बसलेला असतो. त्याचं फर्मवेअर वेगळं, मेमरी वेगळी आणि चुकाही त्याच्या स्वतःच्या. तो कोसळला तर त्याला स्वतःहून उठता येत नाही. वॉचडॉगचा, म्हणजे तो अडकलाय हे ओळखणाऱ्या टायमरचा, इंटरप्ट (तातडीची सूचना) मुख्य प्रोसेसरकडे येतो आणि पुढचं सगळं कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, करायचं असतं: डीएसपी थांबवायचा, हवा असेल तर त्याच्या मेमरीचा डंप (तपासासाठी जशीच्या तशी नक्कल) घ्यायचा, फर्मवेअरची फाइल पुन्हा वाचून भरायची, रिसेट सोडायचा आणि "मी तयार आहे" असा इंटरप्ट त्याच्याकडून येईपर्यंत थांबायचं. कर्नलमध्ये यासाठी रिमोटप्रॉक नावाची चौकट आहे आणि आमचा ड्रायव्हर तिच्यावरच उभा आहे. आमच्या बोर्डवर डंप न घेता हे सगळं साधारण 700 मिलिसेकंदांत होतं. 32 एमबीचा डंप घेतला तर 2.3 सेकंद लागतात.

मुक्या बोर्डाचा लॉग पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा क्रम असा दिसला. आधी वॉचडॉग, मग "हँडलिंग क्रॅश #1". त्यानंतर 40 मिलिसेकंदांनी "सस्पेंड एंट्री". मग "फ्रीझिंग यूजर स्पेस प्रोसेसेस", म्हणजे कर्नलच्या बाहेरचे नेहमीचे प्रोग्रॅम गोठवणं. त्यानंतर वेळेत सहा तासांची उडी, म्हणजे बोर्ड झोपला आणि सकाळी कोणीतरी बटण दाबल्यावर उठला. उठल्यानंतर पाच सेकंदांनी आमच्या ड्रायव्हरची ओळ होती, डीएसपी तयार झालाच नाही, एरर उणे 110. टाइमआउट.

डीएसपीवर शस्त्रक्रिया चालू असताना सिस्टीम झोपायला निघाली होती. रिकव्हरीचं, म्हणजे डीएसपी सावरण्याचं, काम वर्कक्यूवर (कर्नलच्या मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेवर) चालू होतं आणि तो वर्कक्यू गोठवता येण्याजोगा नव्हता, त्यामुळे बाकी सगळं बंद होत असताना काम पुढे सरकत राहिलं. फर्मवेअर भरलं, रिसेट सोडला आणि नेमका त्याच वेळी आमच्याच ड्रायव्हरचा सस्पेंड कॉलबॅक (झोपायच्या वेळी कर्नल बोलावतो ते फंक्शन) आला आणि त्यानं डीएसपीचा क्लॉक, म्हणजे त्याला चालवणारा ठोका, बंद केला. बिनशर्त. उठताना मात्र रिझ्यूम कॉलबॅक आधी "डीएसपी चालू होता का?" हे बघायचा. रिकव्हरीच्या मधल्या काळात फ्रेमवर्कच्या नोंदीत तो ऑफलाइन असतो, म्हणून क्लॉक पुन्हा चालू झालाच नाही. पाच सेकंदांची मुदत संपली आणि रिकव्हरी अपयशी ठरली. अपयशी रिकव्हरीनंतर पुन्हा प्रयत्न करणारं कोणी नसतं. डीएसपी तसाच पडून राहतो आणि लोक रीस्टार्ट करतात.

यातला एक धागा मला फार उशिरा दिसला. डंप चालू असलेल्या डीबग बिल्डवर हाच प्रसंग वेगळ्या रूपात यायचा. तिथे क्लॉक जायचा तेव्हा कर्नल डीएसपीची मेमरी वाचत असायचा. क्लॉक नसलेल्या मेमरीकडून उत्तर येत नाही, बस अडकते आणि बोर्ड जागीच गोठतो. त्याची वेगळी नोंद होती, वेगळ्या माणसाच्या नावावर. दोन्ही एकच बग आहे हे कळायला तीन आठवडे गेले. दोन्ही लॉगमधल्या इंटरप्टच्या आणि "सस्पेंड एंट्री"च्या वेळा मी कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या, तेव्हा दिसलं.

आणखी एक प्रश्न मला सतावत होता. क्रॅश दिवसभरात कधीही व्हायला हवा, मग तो नेमका झोपेच्या उंबरठ्यावरच का होतो? उत्तर फर्मवेअर टीमच्या सहकाऱ्याबरोबर बसल्यावर मिळालं. सिस्टीम निवांत झाली की सस्पेंडच्या थोडं आधी आम्ही डीएसपीला मेलबॉक्समधून निरोप पाठवतो, की आता कमी पॉवरमध्ये जा. तो निरोप हाताळणाऱ्या वाटेवर फर्मवेअर एक बफर मोकळा करत होतं, पण त्या बफरमध्ये डीएमएचं (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीत थेट होणारं) लिहिणं अजून संपलेलं नसायचं. म्हणजे क्रॅश आणि सस्पेंड योगायोगानं भेटत नव्हते, एकाच निरोपातून दोघं निघत होते.

सहकारी म्हणाला, "अगं, तो बफर आम्ही या आठवड्यात दुरुस्त करतोय. मग तुला ड्रायव्हरमध्ये हे सगळं कशाला करायचंय?"

मी त्याला म्हटलं, हा क्रॅश जाईल, पण पुढचाही बहुतेक इथेच येईल. कोप्रोसेसरची अवस्था बदलते, क्लॉक बंद होतात, अर्धवट राहिलेले व्यवहार गुंडाळले जातात, ते सगळं याच दारात होतं. जिथे घसरायची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच सावरण्याची सोय पक्की हवी. त्याला ते पटलं आणि पुढच्या सगळ्या चाचण्यांसाठी त्यानं मला मुद्दाम कोसळणारं फर्मवेअर करून दिलं. त्याच्या या मदतीशिवाय पुढचं काहीच जमलं नसतं.

आता दुरुस्तीकडे येते. वरवर पाहिलं तर ती दोन ओळींची आहे. क्रॅश कळला की पीएम स्टे अवेक (झोपू नका) हा कॉल, रिकव्हरी संपली की पीएम रिलॅक्स (आता झोपलात तरी चालेल). मूळ कर्नलच्या रिमोटप्रॉकमध्ये हे 2020 मध्ये आलं. आमचा बोर्ड कर्नल 5.4 वर होता, त्यात ते नव्हतं. मला वाटलं, दोन ओळी आणायच्या आणि संपलं.

पहिली गोष्ट जागेची. मी आधी स्टे अवेक वर्क फंक्शनच्या सुरुवातीला टाकलं, कारण ते वाचायला नीटस दिसतं, वर घ्यायचं आणि खाली सोडायचं. पण इंटरप्ट आल्यापासून वर्क प्रत्यक्ष धावेपर्यंत मध्ये फट राहते. एरवी ती नगण्य असते, पण सस्पेंडच्या धावपळीत ती वाढते आणि आमचा बग त्या फटीतूनच आत येत होता. पीएम स्टे अवेक फक्त स्पिनलॉक (क्षणभराचं छोटं कुलूप) घेतं, कुठेही प्रोसेसर सोडून थांबत नाही, त्यामुळे ते इंटरप्ट कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे इंटरप्ट हाताळत असतानाच, बिनधास्त बोलावता येतं. क्रॅशची बातमी ज्या क्षणी कळते त्याच क्षणी, वर्क रांगेत टाकायच्या आधी ते घ्यायला हवं. मूळ कर्नलनंही ते रिपोर्ट क्रॅशच्या फंक्शनमध्येच ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट शांततेची. जागा बदलली तरी काही फरक पडेना. पीएम स्टे अवेकला एक डिव्हाइस द्यावं लागतं आणि त्या डिव्हाइसला वेकअप सोर्स (जागं ठेवण्याच्या मागणीची कर्नलमधली नोंद) जोडलेला असावा लागतो. नसेल तर ते फंक्शन काहीही न करता परत येतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. आमच्या प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डिव्हाइस इनिट वेकअप हा कॉलच नव्हता. तो टाकल्यावर डीबगएफएसमधल्या (कर्नल तपासायच्या फाइलींमधल्या) वेकअप सोर्सेसच्या यादीत आमचं नाव दिसू लागलं. आता मी कोणाचाही असा पॅच तपासताना आधी ती यादी उघडायला सांगते. एक लक्षात ठेवायला हवं: सिसएफएसमध्ये (डिव्हाइसच्या सेटिंगच्या फाइलींमध्ये) त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरात वेकअप नावाची फाइल असते आणि तिच्यात कोणी "डिसेबल्ड" लिहिलं की वेकअप सोर्स निघून जातो. म्हणजे बॅटरी वाचवायच्या चांगल्या हेतूनं सरसकट सगळे वेकअप बंद करणारी एखादी स्क्रिप्ट आपलं संरक्षण गुपचूप काढून घेऊ शकते. आमच्या एका बिल्डमध्ये अशी स्क्रिप्ट होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर माझे पूर्ण चार दिवस गेले.

यादीत नाव दिसतंय. मुद्दाम क्रॅश केला की सोर्स सक्रिय झालेला दिसतोय. तरीही माझ्या टेस्टमध्ये बोर्ड रिकव्हरीच्या मधोमध खुशाल झोपत होता. टेस्ट साधी होती. आरटीसीवेक या ठरलेल्या वेळी उठवणाऱ्या कमांडनं दहा सेकंदांसाठी झोपवायचं आणि त्याच्या किंचित आधी डीबगएफएसमधल्या क्रॅश फाइलमध्ये लिहून डीएसपी पाडायचा. शंभर वेळा केलं आणि शंभरही वेळा तो झोपला.

शेवटी ड्रायव्हर्स बेस पॉवरमधली वेकअपची फाइल उघडली आणि पीएम वेकअप पेंडिंग हे फंक्शन ओळीओळीनं वाचलं. सस्पेंडच्या वाटेवर कर्नल ठिकठिकाणी याच फंक्शनला विचारतो, "कोणी जागं राहायला सांगितलंय का?" पण ते फंक्शन सक्रिय सोर्स मोजायच्या आधी एक झेंडा पाहतं, इव्हेंट्स चेक एनेबल्ड. तो खाली असेल तर सक्रिय सोर्स कितीही असोत, त्यांना विचारलंच जात नाही. आणि तो झेंडा वर कधी जातो? यूजर स्पेसनं सिस पॉवरमधली वेकअप काउंट ही फाइल आधी वाचली आणि तोच आकडा तिच्यात परत लिहिला तर. लिहिताना कोणी सक्रिय असेल किंवा आकडा मधल्या काळात बदलला असेल, तर ते लिहिणंच फसतं आणि झोपवणाऱ्याला कळतं की आत्ता नको. लिहिणं यशस्वी झालं तर झेंडा वर जातो आणि त्यानंतर कोणी स्टे अवेक म्हटलं की सस्पेंड रद्द होतो.

आरटीसीवेक यातलं काहीच करत नाही. ते थेट सिस पॉवरमधल्या स्टेट फाइलमध्ये झोपायचा आदेश लिहितं. हातानं "मेम" लिहिणारेही तेच करतात. अँड्रॉइडची सस्पेंड सर्व्हिस मात्र दरवेळी काउंट वाचून, परत लिहून मगच झोपवते आणि कर्नलचं ऑटोस्लीप हाच हिशेब स्वतः आतल्या आत करतं.

म्हणजे माझा पॅच बरोबर होता आणि टेस्ट चुकीची होती. त्याहून महत्त्वाचं, "झोप रोखणं" म्हणजे काय याची माझी कल्पनाच चुकीची होती. मी त्याला कुलूप समजत होते. ते कुलूप नाही. पीएम स्टे अवेक म्हणजे "माझं काम चालू आहे" अशी दारावर लावलेली पाटी आहे. झोपवणारा ती वाचून मग पुढे जाणारा असेल तरच तिचा उपयोग. ती न वाचता आत येणाऱ्यांसाठी वेगळी सोय करावी लागते.

ती सोय मी सस्पेंड कॉलबॅकमध्ये केली. रिकव्हरी चालू असेल तर उणे ईबिझी (आत्ता व्यग्र आहे असा एरर) परत करायचं. मग कोणीही कुठूनही झोपवू दे, आमच्या डिव्हाइसपाशी सस्पेंड थांबतो आणि सगळी सिस्टीम मागे फिरते. रिव्ह्यूमध्ये एकानं सुचवलं, की नकार देण्याऐवजी तिथेच थांबून रिकव्हरी संपू दे. ऐकायला ते जास्त सौम्य वाटतं, पण मी ते घेतलं नाही. रिमोटप्रॉकमध्ये डंपचा एक इनलाइन प्रकार आहे. त्यात यूजर स्पेसमधला कोणीतरी डंप वाचून संपवेपर्यंत रिकव्हरी पुढे सरकत नाही. सस्पेंड कॉलबॅकपर्यंत पोहोचेतो यूजर स्पेस गोठलेलं असतं. म्हणजे आपण रिकव्हरीसाठी थांबणार, रिकव्हरी वाचणाऱ्यासाठी थांबणार आणि वाचणारा आपण सोडू तेव्हाच हलणार. नकार दिला की यूजर स्पेस सुटतं, डंप वाचला जातो आणि काम पूर्ण होतं.

रिकव्हरीचं वर्क गोठवता येणाऱ्या वर्कक्यूवरही हलवलं, तसं मूळ कर्नलमध्येही नंतर झालं आहे. त्यामुळे वर्क सुरू व्हायच्या आधी फ्रीझर (झोपेआधी सगळं गोठवणारा कर्नलचा भाग) जिंकला तर ते उठल्यावर धावतं, अर्ध्या झोपलेल्या डिव्हाइसवर धावत नाही. आणि वर्क आधीच चालू असेल तर फ्रीझर त्याच्यासाठी थांबतो, मूळ सेटिंगमध्ये 20 सेकंदांपर्यंत, आणि मग सस्पेंड सोडून देतो. क्लॉकचं तर्कटही सरळ केलं: बंद केला असेल तर चालू करायचा, मध्ये डीएसपीच्या अवस्थेला विचारायचं नाही.

रिव्ह्यूमधली दुसरी सूचना अशी होती, की मुदतीचा वेकअप वापर, पाच सेकंदांनी आपोआप सुटेल आणि रिलॅक्स विसरायची भीती नाही. मला ही पद्धत या कामासाठी अजिबात आवडत नाही. आमच्याकडेच रिकव्हरीला 700 मिलिसेकंदही लागतात आणि 2.3 सेकंदही, आणि इनलाइन डंपमध्ये वाचणारा ठरवेल तितका वेळ. मुदत लहान ठेवली तर मूळ बग दुर्मिळ होऊन परत येतो, आणि दुर्मिळ बग पकडायला आणखी कठीण. मोठी ठेवली तर प्रत्येक क्रॅशनंतर बॅटरी उगाच जळते.

अर्थात रिलॅक्स विसरण्याची भीती खोटी नाही. एका संध्याकाळी मी डीएसपीच्या मेमरीत डीबगरनं डोकावण्यासाठी डीबगएफएसमधून रिकव्हरी बंद केली, क्रॅश केला आणि काम अर्धवट ठेवून घरी गेले. सकाळी बोर्डाची बॅटरी तळाला होती. वेकअप सोर्सेसच्या यादीत आमच्या ओळीवर "ॲक्टिव्ह सिन्स"च्या रकान्यात 3 कोटी 11 लाखांच्या आसपासचा आकडा होता. तो मिलिसेकंदांत असतो. म्हणजे साडेआठ तासांहून जास्त वेळ आमचा ड्रायव्हर सगळ्या सिस्टीमला जागं ठेवून बसला होता.

कारण वर्क फंक्शनमध्ये होतं. "हा क्रॅश आधीच नोंदलेला आहे, फक्त पहिलाच हाताळायचा" अशी एक फांदी सुरुवातीलाच परत फिरते. रिकव्हरी बंद असल्यामुळे डीएसपी क्रॅश अवस्थेतच होता, वॉचडॉग पुन्हा भुंकला, इंटरप्टनं पुन्हा स्टे अवेक घेतलं, वर्क धावलं आणि त्या फांदीतून रिलॅक्स न करता बाहेर पडलं. मूळ कर्नलमध्येही ऑफलाइन अवस्थेच्या फांदीत असंच रिलॅक्स राहून गेलं होतं आणि नंतर दुरुस्त झालं. मी आता फंक्शनमधून बाहेर पडायची एकच वाट ठेवली आहे आणि सगळ्या फांद्या तिथेच येतात.

त्यावर विचार करतानाच शेवटची फट दिसली. वेकअप सोर्स मोजत नाही. दोनदा स्टे अवेक घेऊन एकदा रिलॅक्स केलं की तो सुटतो. आता समजा, पहिली रिकव्हरी संपत आली, डीएसपी उठला आणि लगेच पुन्हा कोसळला. इंटरप्टनं स्टे अवेक घेतलं, सोर्स सक्रियच होता, काही बदललं नाही. वर्क चालू असतानाही ते पुन्हा रांगेत लागू शकतं, तसं ते लागलं. मग पहिल्या फेरीनं शेवटी रिलॅक्स केलं, आणि दुसरी फेरी आता कोणत्याही पाटीशिवाय धावणार. नव्यानं भरलेलं फर्मवेअर लगेच पुन्हा पडणं ही काही दूरची शक्यता नाही, डीएसपीच्या बाहेरचं काही बिघडलेलं असेल तर नेमकं असंच होतं.

म्हणून मी ड्रायव्हरमध्ये एक छोटी मोजदाद ठेवली. इंटरप्ट आला की स्पिनलॉकखाली आकडा वाढवायचा आणि स्टे अवेक घ्यायचं. वर्क सुरू होताना तो आकडा टिपून ठेवायचा. बाहेर पडताना त्याच स्पिनलॉकखाली बघायचं, आकडा तोच असेल तरच रिलॅक्स, बदलला असेल तर पुढची फेरी येणारच आहे, सोर्स तिच्या हवाली.

सहकाऱ्यानं यासाठी सुरू झाल्यावर 50 मिलिसेकंदांत एकदाच पडणारं फर्मवेअर दिलं. वेकअप सोर्सचे दोन्ही ट्रेसपॉइंट (तो सक्रिय झाला किंवा सुटला की नोंद काढणारे) चालू करून, या वेळी वेकअप काउंट वाचून-लिहून झोपवणाऱ्या स्क्रिप्टनं, आठही बोर्ड आठवडाभर चालवले. सोमवारी पहिल्या बोर्डाचा ट्रेस उघडला. वर सोर्स सक्रिय झाल्याची एक ओळ. खाली "हँडलिंग क्रॅश #1", मग "हँडलिंग क्रॅश #2", मग डीएसपी तयार. मग सोर्स सोडल्याची एक ओळ, आणि "सस्पेंड एंट्री" तिच्याखाली.